सिएनाचा चौक : दोन तास की एक रात्र?

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही इटलीला निघतोय. मी, नवरा, सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात, अंडं चालत नाही) आणि पंधरा वर्षांचा मुलगा. चर्च हा शब्द ऐकला की याचं पोट दुखायला लागतं. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ठरलंय. गाडं अडलंय सिएनापाशी. टूरवाल्याने फ्लोरेन्सहून एकाच दिवसात पिसा, सान जिमिन्यानो आणि सिएना कोंबलंय. सिएनाच्या वाट्याला दोन तास, जेवण त्यातच. मला तो पियात्सा देल कांपो नीट बघायचाय, फोटोत बघूनच जीव अडकलाय. नवरा म्हणतो, दोन तासांसाठी जाण्यापेक्षा १६ ऑगस्टला तिथे घोड्यांची शर्यत असते, तीच बघू.

तर प्रश्न असे : एका चौकासाठी मुक्काम करण्याइतकं तिथे आहे का? शर्यत सासूबाईंना घेऊन जमेल का? आणि त्यांना खायला काय मिळेल?

चहाबाज

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

खडूस काका

स्पष्ट सांगतो, रागावू नका. चौक तो चौक. विटांचा उतार, एका बाजूला उंच बुरूज, बाकी गोल फिरून हॉटेलं. आम्ही टूरबरोबर गेलो होतो, भर दुपारी. सावली नावाला नाही, विटा तापलेल्या, खुर्चीत बसून दोन कॉफ्या घेतल्या तर बिल बघून हिची कॉफी उतरली. चौकात करायचं काय, तर बसायचं. बसायला मला इटलीला जावं लागत नाही. तो दिवस फ्लोरेन्सला द्या.

बोलोन्याची सून

काका, तुमचं बिल समजू शकते, पण चौकाचा त्यात काय दोष? :) इटलीत उभ्याने काउंटरवर घेतलेली कॉफी आणि टेबलावर बसून घेतलेली कॉफी यांचे दर वेगळे असतात, आणि कांपोच्या कडेच्या खुर्च्यांचं तुम्ही भाडंच भरता. शंभर पावलं आत, बांकी दी सोप्रा रस्त्यावर जाऊन उभ्याने प्या आणि परत चौकात येऊन जमिनीवर बसा. फुकट.

मृण्मयी, मी इतकी वर्षं इथे राहतेय, पाहुणे आले की सिएनाला नेणं माझ्याकडेच असतं. माझा अनुभव असा की अकरा ते चार या वेळात कांपो टूरवाल्यांचा असतो. झेंडीमागे चालणारे घोळके येतात, पंख्यासारखे पसरतात, फोटो काढतात, जातात. पाचनंतर बसेस फ्लोरेन्सकडे परत निघाल्या की चौक गावाचा होतो. ऊन वरच्या घरांवर सरकतं, विटा अजून कोमट असतात, कॉलेजची पोरं पाठ टेकून आडवी होतात, आज्या बाबागाड्या घेऊन येतात. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांवर बसलात तर दंड होतो, व्हेनिसच्या सान मार्को चौकात खाली बसायला मनाई आहे. सिएनात अख्खा चौकच बसण्यासाठी आहे. उतार असा आहे की टेकून पडलं की समोरचा बुरूज आपोआप डोळ्यांसमोर येतो.

दोन तासांत हे मिळणार नाही. रात्र काढा.

हाडाचा आर्किटेक्ट

सूनताईंना +१. थोडं व्यवसायाच्या अंगाने लिहितो, लांबलं तर क्षमस्व.

सिएना तीन टेकड्यांवर वसलंय आणि कांपो आहे त्या तिन्हींच्या मधल्या खळग्यात. म्हणजे मुळात ही वाईट जागा. पावसाचं पाणी इथेच उतरणार, सपाट काही नाही. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही गावाने इथे भराव टाकला असता. यांनी उतार ठेवला आणि त्यालाच आकार दिला. वरून बघितलं तर शिंपला उघडून ठेवल्यासारखा दिसतो. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवलेल्या, आणि पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या पट्ट्यांनी त्याचे नऊ भाग पाडलेले. सगळ्या पट्ट्या खाली पालात्सो पुब्लिकोकडे, म्हणजे नगरपालिकेच्या वाड्याकडे धावतात. तिथे सगळ्यात खालच्या टोकाला पाणी जायचं मोरीचं तोंड आहे. पर्यटक त्यावर पाय देऊन उभे राहतात आणि बुरुजाचा फोटो काढतात. मला विचाराल तर चौकाची खरी किल्ली ती मोरी आहे.

नऊ भाग का, तर १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर नऊ जणांचं मंडळ राज्य करायचं. राजा नाही, सरदार नाही. व्यापारी आणि सावकार लोक. त्यांच्याच काळात वाडा उभा राहिला (काम सुरू १२९७ च्या सुमारास), बुरूज झाला (१३३८ ते १३४८) आणि फरसबंदी १३४९ मध्ये पुरी झाली.

आता ज्याच्यासाठी मी दुसऱ्यांदा गेलो ते सांगतो. चौकाभोवतीची घरं एकमेकांशी जुळलेली दिसतात ना, तो योगायोग नाही. १२९७ मध्ये गावाने नियम केला की कांपोकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या बारीक खांबांच्याच हव्यात आणि सज्जे बाहेर काढायचे नाहीत. वाड्याचं बांधकाम सुरू होत होतं, आणि शेजाऱ्यांना नियम आधीच लागू! सातशे वर्षांनी त्या नियमाचं फळ आपण फोटोत बघतो.

खडूस काका

सज्जे बाहेर काढायचे नाहीत आणि लोकांनी ऐकलं? आमच्या सोसायटीत बाल्कनीची ग्रिल आत घ्या म्हणून तीन सेक्रेटरी बदलले. इथेच माझा सिएनाबद्दलचा आदर वाढला.

चहाबाज

काका हळूहळू विरघळताहेत. :D

तळटीप

आर्किटेक्टसाहेबांच्या प्रतिसादात दोन तारखा शेजारी शेजारी आहेत, १३४८ आणि १३४९. मधे काय झालं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१३४८ मध्ये प्लेग आला. सिएनाची निम्म्याच्या आसपास वस्ती गेली असं मानतात. आन्योलो दी तूरा नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलंय की स्वतःची पाच मुलं त्याने स्वतःच्या हातांनी पुरली. बुरूज नुकता पुरा झाला होता, फरशी पुढच्या वर्षी संपली, म्हणजे विटा बसवणाऱ्या हातांतले किती मधेच गेले असतील, विचार करा. बुरुजाच्या पायथ्याशी संगमरवरी मंडपासारखं छोटं देऊळ आहे, कापेल्ला दी पियात्सा. ते प्लेगमधून वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी बांधायला घेतलं, १३५२ मध्ये. आणि कॅथेड्रलला लागूनच एक प्रचंड अर्धवट भिंत उभी आहे. जुन्या कॅथेड्रलचा आडवा हात करून त्याहून कितीतरी मोठं नवं कॅथेड्रल बांधायचा बेत होता. प्लेगनंतर तो कायमचा राहिला. त्या भिंतीवर चढता येतं आणि तिथून कांपो उत्तम दिसतो. बुरुजावरून कांपो दिसतो पण बुरूज दिसत नाही. भिंतीवरून दोन्ही दिसतात.

मृण्मयीताई, वाड्याच्या आतलं संग्रहालय अजिबात चुकवू नका. नऊ जणांच्या बैठकीच्या खोलीत आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये तीन भिंती रंगवल्या आहेत. एकीकडे चांगला कारभार आणि त्याचे परिणाम : गाव नांदतंय, दुकानं उघडी, छपरावर गवंडी काम करताहेत, रस्त्यात नाच चाललाय, वेशीबाहेर शेतं पिकलेली. समोरच्या भिंतीवर वाईट कारभार : शिंगं असलेला जुलमी राजा आणि उजाड मुलूख. त्या काळात भिंतींवर संत आणि येशू रंगवायचे. इथे कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच कामाचा निकाल टांगून ठेवलाय. आणि गंमत, वाईट कारभाराची भिंतच जास्त खराब झाली आहे.

चहाबाज

हे नऊ जण निवडून यायचे का? टर्म किती?

तळटीप

दोन महिने. आणि ते दोन महिने त्यांनी वाड्यातच राहायचं, घरी जायचं नाही. भावबंद, सोयरे, लाच घेऊन येणारे यांच्यापासून लांब ठेवायचा उपाय. लोकशाही वगैरे समजू नका मात्र. बहुतेकांना त्या मंडळात प्रवेशच नव्हता, ठरावीक घराण्यांतलेच आलटून पालटून यायचे.

खडूस काका

दोन महिने कोंडून ठेवायचं. सुंदर. मी याच्यावर वेगळा धागा काढू का?

संपादक

काका, नको. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे.

नाचणीसत्व

सासूबाईंच्या खाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी बोलते. मीही अंडं न खाणाऱ्यांतली.

पीची म्हणजे जाड, हाताने वळलेली शेवयांसारखी पास्ता. सिएनाकडची खासियत. साधारणपणे फक्त पीठ आणि पाणी, अंडं नसतं, तरी विचारून घ्या. आल्योने म्हणजे टोमॅटो-लसणाचा रस्सा, आपल्या माणसांना हमखास आवडतो. रिबोल्लिता नावाचं शिळ्या पावाचं, पालेभाज्या आणि पांढऱ्या चवळीसारख्या शेंगदाण्यांचं... नाही, बीन्सचं दाट सूप मिळतं, पण ऑगस्टच्या उकाड्यात कशाला.

गोडात रिच्चारेल्ली बदामाचे असतात पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, ते टाळा. पानफोर्ते घ्या : बदाम, मध, साखर, साखरेत मुरवलेली फळं आणि मसाला, अंडं नाही. आमच्या घरी पाहुण्यांना ते परदेशी आहे हे सांगावं लागतं, कारण दालचिनी-लवंगेचा वास ओळखीचा. त्याचा जुना काळा प्रकार मिऱ्यांचा. मिरी तेव्हा मलबारातूनच जायची, म्हणजे माल आपल्याच किनाऱ्यावरचा.

चीजबद्दल : पेकोरीनो (मेंढीच्या दुधाचं चीज) बनवताना दूध घट्ट करायला बहुतेकदा जनावराच्या जठरातलं रेनेट वापरतात. सासूबाई कडक असतील तर सांगा, नसतील तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवू नका.

मृण्मयी_ठाणे

हाहा, नाही दाखवत. सगळ्यांचे खूप आभार! शर्यतीबद्दल कुणी प्रत्यक्ष बघितलेलं आहे का?

घोडामैदान

आहे ना! माझ्या आयडीची लाज राखायला मला लिहावंच लागेल.

या शर्यतीचं नाव पालिओ. वर्षातून दोनदा, २ जुलै आणि १६ ऑगस्ट. गावाचे १७ मोहल्ले आहेत, त्यांना कोन्त्रादा म्हणतात. प्रत्येकाचं चिन्ह वेगळं : गोगलगाय, कासव, सुरवंट, साळिंदर, घुबड, लांडगीण, जिराफ... बुरूजवाल्यांच्या निशाणावर तर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती आहे! चौक छोटा, म्हणून एका वेळी दहाच धावतात. विटांच्या कडेकडेने मातीचा थर घालून धावपट्टी करतात, खोगीर नसतं, तीन फेऱ्या, एकूण जेमतेम एक किलोमीटर. सव्वा ते दीड मिनिटात खेळ खलास. स्वार पडला तरी चालतं, घोडा एकटा पहिला आला तरी कोन्त्रादा जिंकली. बक्षीस काय, तर रंगवलेलं रेशमी निशाण. पैसा शून्य. उलट जिंकणारा कफल्लक होतो, कारण आधी कबूल केलेले पैसे वाटावे लागतात.

हो, पैसे वाटतात. घोडा चिठ्ठीने मिळतो, शर्यतीच्या तीन दिवस आधी, त्यामुळे घोड्यात लबाडी नाही. स्वार मात्र भाड्याचे, बहुतेक बाहेरगावचे, पुष्कळसे सार्डिनियाचे. मग डाव सुरू : माझा घोडा मरतुकडा निघाला तर निदान शेजारचा शत्रू जिंकू नये, म्हणून तिसऱ्याच्या स्वाराला पैसे. हे सगळं उघड गुपित. सुरुवात तर बघण्यासारखी. नऊ घोडे दोरांच्या मधे, दहावा बाहेर. तो आत घुसला की शर्यत सुटते. कधी घुसायचं ते त्या दहाव्याने ठरवायचं! शत्रूचा घोडा वाकडा उभा राहीपर्यंत तो वाट बघतो. दोरांपाशी घोडे वळवून वळवून तास तास जातो आणि चौकातली माणसं कानात प्राण आणून उभी.

हंस आणि बुरूज यांचं वैर प्रसिद्ध. आपण हरलो याचं दुःख असतंच, पण वैरी जिंकला तर जेवण जात नाही. दुसरा येणं सगळ्यात वाईट. जिंकलेली मोठमोठी माणसं तोंडात लहान बाळाचं चोखणं घालून गावभर फिरतात, नव्याने जन्म झाला म्हणून. शरद ऋतूत विजयाची पंगत बसते, आणि मानाच्या जागी घोडा, समोर त्याचं खाणं.

आता सासूबाईंचं. चौकाच्या मधोमध उभं राहून बघणं फुकट आहे. पण शर्यत संध्याकाळी सातच्या आसपास, आणि चांगली जागा हवी तर दुपारी चारपर्यंत आत. वाटा एकेक बंद करत जातात, नंतर शर्यत संपेपर्यंत बाहेर पडायचं विसरा. आत स्वच्छतागृह नाही, सावली नाही, बसायला जागा नाही. कडेच्या मचाणांच्या जागा आणि खिडक्या भाड्याने मिळतात, पण त्यांचे भाव ऐकून खडूस काकांना परत कॉफी आठवेल. पाऊस पडला तर वाड्यावर हिरवं निशाण लावतात आणि शर्यत दुसऱ्या दिवसावर जाते. तुमचं परतीचं तिकीट जात नाही.

माझं मत : आयुष्यात एकदा बघावं असं आहे. सासूबाईंबरोबर नाही.

गोठ्यातली गौरी

इतकं रंगवून लिहिलंय, पण घोड्यांचं काय? धावपट्टीवरचं सान मार्तिनोचं वळण उताराचं आणि काटकोनी आहे. तिथे भिंतीला गाद्या लावतात, यातच सगळं आलं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये खास पालिओ झाला, त्यात राऊल नावाचा घोडा गेला. स्वारांच्या हातात चाबूक असतो तो वाळवलेल्या बैलाच्या अवयवाचा, कुठल्या अवयवाचा ते लिहीत नाही. तो एकमेकांनाही मारायची मुभा आहे. परंपरा म्हणून किती पोटात घालायचं? मी सिएनाला मुद्दाम ऑक्टोबरअखेर गेले. चौक तोच, छळ नाही.

घोडामैदान

गौरीताई, मुद्दा मान्य, पण चित्र एकतर्फी आहे. आता शुद्ध रेसचे घोडे घेत नाहीत, मिश्र जातीचे दणकट घेतात. आधी पशुवैद्य तपासतात, नापास झालेला घोडा चिठ्ठीतच येत नाही. कोन्त्रादाचा घोडा माणसांपेक्षा थाटात राहतो, तबेल्यात रात्रभर राखण, शर्यतीआधी देवळात नेऊन आशीर्वाद.

गोठ्यातली गौरी

आशीर्वाद घोड्याने मागितला होता का?

शिरूरकर

आमच्याकडचा बैलगाडा आठवला. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंद केला, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर सुरू झाला, २०२३ मध्ये घटनापीठानेही कायदा उचलून धरला. दोन्हीकडचं भांडण तेच : बाहेरच्याला क्रौर्य दिसतं, आतल्याला घरातलं जनावर. मी आतला आहे, त्यामुळे मी काय बोलणार. पण एक फरक जाणवला. त्यांच्याकडे घोडा चिठ्ठीने येतो आणि चार दिवसांनी मालकाकडे परत. आमच्याकडे बैल घरचाच, वासरापासून वाढवलेला. हरला तरी घरीच येतो. जीव कुठे जास्त लागतो, ज्याचं त्याने ठरवावं.

अवांतर : पालिओच्या मिरवणुकीत शेवटी ते निशाण ज्या गाड्यात येतं तो चार पांढरे बैल ओढतात. घोड्यांच्या जत्रेत शेवटचा मान बैलाला. इति लेखनसीमा.

चहाबाज

शिरूरकरांचं शेवटचं वाक्य म्हणजे घोडामैदान यांना धोबीपछाड. हघ्या (हलके घ्या).

संपादक

शर्यत योग्य की अयोग्य यावर वेगळा धागा काढावा. इथे प्रवासाचं बोलू या.

वाटसरू_दापोली

प्रवासाचंच पण थोडं अवांतर. सिएनाहून पूर्वेला अरेझ्झो बसने जाता येतं. तिथे दुसऱ्या महायुद्धातली दफनभूमी आहे, आणि तीत भारतीय सैनिकांच्या कबरी आणि दहन केलेल्यांचं स्मारक आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या मध्य इटलीत डोंगरामागून डोंगर लढत वर सरकत होत्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उम्ब्रियातल्या मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात. सिएना त्याच्या आठवडाभर आधी, ३ जुलैला, फ्रेंच फौजांनी घेतलं होतं, चौकाला धक्का न लागता. टस्कनीत मराठी माणूस फिरायला जातो तेव्हा आधी कोण पायी फिरून गेलंय ते माहीत असावं म्हणून लिहिलं.

बोलोन्याची सून

वाटसरू, अरेझ्झोचं माहीत नव्हतं. पुढच्या पाहुण्यांना नेईन.

हाडाचा आर्किटेक्ट

पाण्याचं राहिलंच. चौकाच्या वरच्या कडेला फोन्ते गाया हे कारंजं आहे. टेकडीवरच्या गावात नदी नाही, म्हणून सिएनाने जमिनीखाली बोगदे खोदून पाझराचं पाणी आणलं. त्यांना बोत्तीनी म्हणतात, एकूण लांबी २५ किलोमीटरच्या आसपास. कांपोत पाणी पोहोचलं १३४२ मध्ये. आत्ता दिसतं ते कोरीवकाम नक्कल आहे, १८६८ ची. याकोपो देल्ला क्वेर्चाने १४१९ पर्यंत केलेलं मूळ काम सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या रुग्णालयाच्या संग्रहालयात.

त्याआधीची गोष्ट भारी आहे. खोदकामात व्हीनसचा प्राचीन पुतळा सापडला, लोकांनी कौतुकाने कारंज्यावर बसवला. मग प्लेग, मग लढाईत मार. हे सगळं या उघड्या बाईमुळे, असं ठरलं, १३५७ मध्ये पुतळा खाली उतरवला आणि तुकडे करून फ्लोरेन्सच्या हद्दीत नेऊन पुरले, म्हणजे साडेसाती शेजाऱ्याला. शिल्पकार गिबेर्तीने हे लिहून ठेवलंय.

खडूस काका

पुरलेले तुकडे सापडले का? आणि फ्लोरेन्सला साडेसाती लागली का?

तळटीप

साडेसाती उलटी आली. १५५५ मध्ये सिएना शरण गेलं आणि थोड्याच वर्षांत फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या ताब्यात. त्यानंतर गाव गरीब झालं, नवीन बांधायला पैसा नव्हता, म्हणून १३०० च्या सुमाराचं गाव आपल्याला जसंच्या तसं मिळालं. १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत.

मृण्मयी_ठाणे

बाप रे, केवढी माहिती! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं (चीज सोडून). त्या म्हणाल्या, मला शर्यत नको, पण त्या नऊ जणांची खोली बघायची. नवरा अजून घोड्यावर आहे. आम्ही १२ ते १७ फ्लोरेन्सला आहोत. आता सांगा, रात्र काढायची तर कुठली? आणि गुडघ्यांचं काय? बुरुजाला लिफ्ट आहे का?

बोलोन्याची सून

मृण्मयी, आता नीट मुद्द्यावर येते.

बुरुजाला लिफ्ट नाही, पायऱ्या चारशेच्या आसपास, जिना अरुंद, एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. नवरा आणि मुलगा जाऊ देत. सासूबाईंना तुम्ही संग्रहालयात न्या. गावात सपाट असं काही नाही, चौकात उतरायच्या गल्ल्याही उताराच्या, त्यामुळे मुक्काम कांपोच्या जितका जवळ तितकं चांगलं. येताना ट्रेनपेक्षा फ्लोरेन्सची जलद बस घ्या, सव्वा तासाच्या आसपास. बस वर गावाच्या कडेला सोडते. ट्रेनचं स्टेशन खाली दरीत, तिथून सरकत्या जिन्यांची माळच चढावी लागते.

तारीख : १५ ऑगस्ट म्हणजे फेर्रागोस्तो, अख्ख्या इटलीची सुट्टी, बसेस कमी. १६ ला पालिओ, खोल्यांचे भाव चढलेले. आणि कुणी लिहिलं नाही ते लिहिते, त्या आठवड्यात चौक फोटोतल्यासारखा दिसतच नाही. कडेने माती, दुकानांसमोर मचाणं. उताराची मधली वीट तेवढी मोकळी. नुसता चौक बघायचा असेल तर मी तुम्हाला त्या दिवसांत येऊ नका म्हणाले असते.

पण नवऱ्यासाठी मधला मार्ग आहे. १३ ला घोडे वाटतात आणि त्या संध्याकाळपासून सकाळ-संध्याकाळ सराव शर्यती होतात, सगळ्या मिळून सहा. त्या बघायलाही फुकट, गर्दी मुख्य दिवसाच्या मानाने कितीतरी कमी. कोन्त्रादांची पोरं रांगेने मचाणावर बसून गाणी म्हणतात, त्यात बहुतेक शेजारच्यांना शिव्या असतात. १४ ची रात्र काढा : दुपारी उशिरा पोहोचा, संध्याकाळचा सराव बघा, सकाळी लवकर चौक आणि संग्रहालय, आणि १५ च्या सुट्टीच्या वेळापत्रकातली परतीची बस आधीच हेरून ठेवा.

गोठ्यातली गौरी

सरावातही घोडेच असतात, एवढं नमूद करते. बाकी सूनताईंचा बेत चांगला आहे.

कोरा कागद

पंधरा वर्षांच्या मुलासाठी एक युक्ती. प्रत्येक कोन्त्रादाच्या हद्दीवर भिंतीत छोट्या पाट्या लावलेल्या आहेत, प्राण्याच्या चित्राच्या. हद्दी १७२९-३० पासून ठरलेल्या, व्हिओलान्ते नावाच्या बाव्हेरियाच्या राजकन्येने ठरवून दिलेल्या. शिवाय प्रत्येक कोन्त्रादाचं स्वतःचं छोटं कारंजं असतं, तिथे मुलांचा गावकीचा बाप्तिस्मा होतो. १७ च्या १७ प्राणी शोधून फोटो काढ म्हटलं की पोरगं गाव पालथं घालतं. आमच्या लेकीने हत्ती शेवटी शोधला, तोपर्यंत आम्ही पानफोर्तेचा अर्धा डबा संपवला.

मृण्मयी_ठाणे

१४ ची रात्र ठरली! टूरवाल्याला पिसा आणि सान जिमिन्यानो दोन्ही काढायला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, सगळे पिसा मागतात. मी म्हटलं, मागू देत. खोली कांपोपासून दोन गल्ल्या लांब मिळाली, भाव बोलत नाही. मुलाला यादी दिली आहे, त्याने विचारलं की यात चर्च आहे का.

नाचणीसत्व

व्वा! आल्यावर वृत्तांत लिहाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

खडूस काका

मॅडम, वृत्तांतात कॉफीचं बिलही टाका.

सातारी_जर्दा

धागा वर आणतोय. आम्ही सप्टेंबरात गाडी भाड्याने घेऊन टस्कनी करतोय. गाडी कांपोपर्यंत जाते का? हॉटेल आत आहे.

बोलोन्याची सून

नाही हो, अजिबात नेऊ नका. आतल्या गावात गाड्यांना बंदी साठच्या दशकापासून आहे, आता वेशींवर कॅमेरे. पाटी दिसली नाही म्हणून आत शिरलात तर दंडाचं पत्र महिन्यांनी साताऱ्याच्या घरी येतं, शिवाय गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता दिल्याचे वेगळे पैसे कापते. वेशीबाहेर पार्किंग आहे, तिथे लावा. हॉटेलवाल्यांना गाडीचा नंबर आधी कळवून सामान उतरवण्यापुरती परवानगी काढता येते का ते विचारा, आणि मिळाली तर लेखी घ्या.

सातारी_जर्दा

लेखी इटालियनमध्ये घेऊ की इंग्रजीत?

बोलोन्याची सून

इटालियनमध्ये. दंड करणारा इंग्रजी वाचत बसत नाही.